नंदी क्लबाचे पाच पट्टे

नंदी फुटबॉल क्लबाचा चेंडू पहिली दोन वर्षं कुणाच्याच घरात राहिला नाही. कातड्याचा तो, त्याला उंबऱ्याच्या आत घेणार कोण? वेणीमाधव मास्तर पुण्याला शिकून परतले ते हा चेंडू बगलेत मारूनच. पण त्यांच्या घरच्या सोवळ्यात चेंडूची जागा नव्हती. आठ दिवस तो बिचारा अंगणातल्या कडुलिंबावर पिशवीत लोंबकळला, आणि मग मास्तर तो घेऊन मंगळवार पेठेत गुरुलिंगाच्या दारात आले.

गुरुलिंगाची आई काशम्मा, नवऱ्यामागं भुसार दुकान एकटीनं चालवणारी बाई. गिऱ्हाइकानं ज्वारीच्या पोत्यात हात घातला की त्याचा चेहरा बघून भाव सांगायची. तिनं चेंडूकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं.

"मास्तर, हे तुमी वाचवायला आणलंय का टाकायला?"

"खेळायला, काकू."

"मग खेळून झाल्यावर गोठ्यात टांगा. घरात न्हाय."

असा तो चेंडू बैलांच्या डोक्यावरच्या खुंटीला गेला, आणि त्या बैलांवरून क्लबाला नाव मिळालं. नंदी फुटबॉल क्लब. अर्धी पोरं मास्तरांच्या शाळेतली जोशी-देशपांडे मंडळी, अर्धी पेठेतली लिंगायत दुकानदारांची. एरवी ही दोन टोकं लग्नकार्यातसुद्धा एका पंगतीला बसायची नाहीत. पण संध्याकाळी गोठ्यापुढं जमायची, सायकलच्या पंपानं चेंडूत हवा भरायची आणि एकमेकांच्या नडग्या फोडायला किल्ल्याकडं निघायची.

पहिल्या वर्षी ते असे हरले की गोल मोजणारा माणूसच कंटाळला. दुसऱ्या वर्षी समोरची टीम आली नाही म्हणून एक सामना जिंकले, आणि त्याचीच मिरवणूक काढली. त्याच वर्षी गुरुलिंगाचं लग्न झालं.

दाक्षायणी अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. घरात सगळी कानडी. मराठी तिला बाजारापुरती यायची. नवरा तर अबोल. दुकानात भाव बोलायचा, आईपुढं 'व्हय अव्वा' म्हणायचा, आणि बायकोपुढं तेवढंही नाही. पहिला महिना असाच गेला. मग एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यानं मूठभर शेंगदाणे चटईवर ओतले. "हे बघ," तो म्हणाला, "ह्यो मी. गोलात उभा. ह्यो आमचा मडिवाळप्पा, ह्यो मास्तर." आणि त्या दिवशीचा सगळा सामना त्यानं तिला दाण्यांनी खेळून दाखवला. तिला शब्द अर्धेच कळले, पण त्याचे डोळे कळले. त्यानंतर सामना असला की चटईवर दाणे यायचे, आणि खेळून झाल्यावर दोघं मिळून दोन्ही टीमा खाऊन टाकायची. दाक्षायणी मराठी शिकली ती अशी. 'हाफटाइम' हा मराठी शब्द नाही हे तिला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं.

मात्र खरा सामना तिनं कधी पाहिला नव्हता. बायका मैदानावर जात नसत. आणि आता तर मांडीवर सहा महिन्यांची रुद्राणी होती.

एकोणीसशे अठ्ठावीस साली मात्र काहीतरी विपरीतच घडलं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उलगडली, ढालीचे सामने सुरू झाले, आणि नंदी क्लब जिंकायला लागला. पहिला सामना जिंकला. दुसरा जिंकला. पेठेत लोक गुरुलिंगाला थांबवून पाठीवर थापा मारू लागले. मडिवाळप्पा, त्याचा धाकटा भाऊ, रेड्यासारखा दांडगा बॅक, तो तर दुकानात ज्वारी मापतानासुद्धा लाथा झाडायचा.

"अव्वा, आता फकस्त दोन ऱ्हायले. शेवटाला पोलीस लायनीवाल्यांस्नी हाणलं की ढाल आपली."

"ढाल घरात आणू नकोस," काशम्मा म्हणाली. "कशाची असती ती?"

"चांदीची की."

काशम्मा थोडी थांबली. "मग बघू," म्हणाली.

पण तिसऱ्या सामन्यात, जिंकता जिंकता, एक वाईट झालं. समोरचा फॉरवर्ड चेंडूमागं धावत आला तो थेट गुरुलिंगाच्या छातीवर आदळला. तेव्हाचा खेळच तसा होता. गोलीला धक्का मारणं हा गुन्हा नव्हता. पण गुरुलिंगाच्या छातीवर सदऱ्याच्या आत चांदीची डबी होती, इष्टलिंगाची. तिचा कोपरा त्या पोराच्या भुवईला लागला आणि रक्ताची धारच लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले ते चेहरा पाडून. ओसरीवर बसले आणि पाण्याचं भांडं नुसतं हातात फिरवत राहिले. दाक्षायणी आतल्या दाराआड रुद्राणीला पाजत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"सुभेदारांनी निकाल दिला, काकू." पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार सामन्यांचे पंच होते, माणूस कडक पण सरळ. "ते म्हणतात, कुणाच्याही छातीवर धातू चालणार नाही. नियमच आहे तसा. त्यात त्यांचं चुकलं असं मलाही म्हणता येत नाही. त्या पोराचा डोळा थोडक्यात वाचला."

"मग?"

"मग काय. आमच्या अकरांतले पाच तुमचे. तुम्ही लोक लिंग अंगावरून उतरवत नाही, आणि 'उतरवा' असं मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही. पाच गेले की राहिले सहा. मी सुभेदारांना कळवून टाकतो, नंदी क्लब अंतिम सामन्याला उतरत नाही."

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

"अव्वा म्हणंल तसं," गुरुलिंग म्हणाला आणि उठून दुकानात गेला. त्यानं जाताना दाराकडं पाहिलंही नाही. दाक्षायणीला त्याची पाठ दिसली, आणि आज चटईवर दाणे येणार नाहीत हे तिला त्या पाठीवरून कळलं.

मडिवाळप्पा खांबाला टेकून उभा होता. "मास्तर, ह्या वर्षी न्हाय खेळलो तर पुढच्या वर्षी कोण येतंय? तुमची पोरं म्हणतील ह्या लिंगायतांपायी ढाल गेली. आमची म्हणतील बामणांनी सोडून दिलं. गोठ्यात चेंडू तेवढा ऱ्हाईल."

"मला ते ठाऊक आहे, मडिवाळप्पा," मास्तर म्हणाले. "म्हणून तर पाणी घशाखाली उतरत नाही."

दुपारी दाक्षायणीनं रुद्राणीला तेल लावून न्हाऊ घातलं. ऊन पाण्यानं ती लाल लाल झाली होती आणि मुठी चोखत होती. अंग पुसून झाल्यावर दाक्षायणीनं नेहमीसारखं तिचं लिंग बांधायला घेतलं. बारशाआधीच स्वामींनी येऊन ते बाळाला दिलं होतं. पण एवढ्याशा जिवाच्या छातीवर चांदीची डबी कशी ठेवायची? कुशीवर वळली की टोचेल. म्हणून मऊ जुन्या धडप्यात कापूस घालून, त्यात ते ठेवून, फडकं दंडाला बांधायचं. घरोघर असंच करतात. दाक्षायणी गाठ मारता मारता थांबली.

बाळाला टोचू नये म्हणून. आणि दुसऱ्याला लागू नये म्हणून?

ती रुद्राणीला तशीच उघडी कडेवर घेऊन स्वयंपाकघरात धावली. काशम्मा शेंगाचटणी कुटत होती.

"अव्वा, डबी काढली तर लिंग काढलं असं होतंय का?"

मुसळ थांबलं. "काय बोलायलीस?"

"डबी सोनारानं केलेली. लिंग स्वामींनी दिलेलं. डबी पेटीत ठेवायची अन् लिंग असं," तिनं रुद्राणीचा दंड पुढं केला, "असं कापसात, फडक्यात, छातीला बांधायचं. वर सदरा. कुणाला लागणार न्हाय. अंगावरनं हलणार न्हाय."

काशम्मानं नातीच्या दंडाकडं पाहिलं. रुद्राणीनं तिला जीभ दाखवली.

"माझ्या माहेरी कुणाकडं चांदी होती?" काशम्मा अखेर म्हणाली, जणू स्वतःशीच. "माझा बाप फडक्यातच बांधायचा. नांगरट करायचा, विहिरीत उतरायचा. ह्यांच्या घरात आले तवा पयल्यांदा डबी बघितली." मग एकदम तिचा आवाज दुकानातला झाला. "पण तो विहिरीत उतरायचा, दुसऱ्याच्या उरावर पडायचा न्हाय. खेळताना सुटलं तर? मातीला लागलं तर?"

त्या घरात हे वाक्य कुणी पुरं करत नसे. लिंग मातीला लागणं म्हणजे काय, हे बोलून सांगायची गोष्ट नव्हती.

"सुटणार न्हाय असं शिवते मी," दाक्षायणी म्हणाली. आपण एवढं धाडसाचं बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"तू शिवणार. मग ध्यानात ठेव. पाचांतलं एक जरी मातीला लागलं, तर ह्या घरात पुन्हा चेंडू दिसायचा न्हाय. गोठ्यातसुद्धा न्हाय. मास्तरांनासुद्धा मी दारात उभं करायची न्हाय."

"व्हय अव्वा."

"आन मी सोता येणार मैदानावर. नीट बांधलंय का बघायला."

"तुमी?"

"तूबी. सुटलं तर काय मी शिवत बसू?"

पुढचे दिवस कसे गेले ते दाक्षायणीला सांगता आलं नसतं. रुद्राणी झोपली की सुई, रुद्राणी उठली की पदर. जुन्या गोधडीचं झिजून लोण्यासारखं झालेलं कापड तिनं काढलं. हातभर रुंद पट्टी, मधे कापूस भरलेला खिसा, खिशाच्या तोंडाला दुहेरी टीप, आणि पाठीमागं आवळायला चार चार बंद. गुरुलिंगाला समोर उभं करून तिनं छातीचं माप घेतलं. तो देवळात उभा राहिल्यासारखा ताठ, श्वास रोखून उभा राहिला होता. माप घेऊन झाल्यावरही तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. बाकीच्या चौघांची मापं मडिवाळप्पानं सुतळीला गाठी मारून आणली. त्याची स्वतःची सुतळी बघून काशम्मा म्हणाली, "हे माणसाचं हाय का पोत्याचं?"

मास्तरांनी नेलेला पट्टा सुभेदारांनी हातात घेतला, तळव्यानं दाबला, स्वतःच्या कपाळावर आपटून पाहिला. "हे चालेल," ते म्हणाले. "ही तर गादी आहे."

आणि मग तो रविवार. दुकानाची दमणी निघाली, बैलांच्या शिंगांना मडिवाळप्पानं न विचारता गोंडे बांधलेले. आत काशम्मा, दाक्षायणी आणि रुद्राणी. किल्ल्याजवळ आल्यावर दाक्षायणीनं पडदा बोटभर सरकवला. एवढी माणसं. गिरणीतले, दुकानातले, शाळेतले, झाडांवर चढलेले, भिंतीवर बसलेले. आणि मैदान केवढं मोठं. चटईवरच्या दाण्यांनी तिला हे सांगितलंच नव्हतं. गुरुलिंग त्या दोन खांबांमध्ये एवढा एकटा उभा असतो हेही नव्हतं सांगितलं.

दमणी गोलाच्या बाजूला कडुलिंबाखाली लावली. शिट्टी झाली.

पहिली थोडी मिनिटं दाक्षायणीला काही म्हणजे काही कळेना. नुसती धूळ आणि पाय. मग हळूहळू दाणे ओळखू यायला लागले. तो चष्मा सुतळीनं कानामागं बांधलेला, ते मास्तर. तो सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारा, तो मडिवाळप्पा. चेंडू इकडून तिकडं गेला, तिकडून इकडं आला, आणि तिला कळलं की आपण तोंडानं काहीतरी पुटपुटतोय. तिनं पदर तोंडावर धरला. शेजारी काशम्मा पडद्याच्या पार बाहेर आली होती.

"तो लांब्या का धावतोय आपल्याकडं? त्याला कुणी धरत का न्हाय?"

"धरायचं नसतं, अव्वा."

"मग काय आरती करायची असती?"

पण लवकरच दाक्षायणीला काहीतरी खटकलं. मडिवाळप्पा नेहमी सामनाभर पळतो म्हणे, आणि आज तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. पेठेतले बाकीचेही तसेच. चार पावलं धावायचे आणि तोंड उघडं टाकायचे. मास्तरांची पोरं मात्र ठीक पळत होती. भिंतीवरचे लायनीवाले ओरडायला लागले.

"नंदी बसला रे बसला."

"पेंड टाका त्याला, उठंल."

"आरं, वैरण दिली न्हाय का रे सकाळी?"

आणि त्यांच्या लांब्या फॉरवर्डनं मडिवाळप्पाच्या शेजारून, वाटेवरच्या झाडाजवळून जावं तसा चेंडू काढला आणि गोलात मारला. गुरुलिंगानं झेप घेतली, पण ती अर्धीच. तो उठला तेव्हा त्याचे खांदे वरखाली होत होते.

दाक्षायणीनं त्या झेपेसरशी रुद्राणीला असं काही आवळलं होतं की पोरीला रडायलाही दम सापडेना. तिचं तोंड उघडं, लालबुंद, आणि आवाज नाही. "अगं सोड तिला," काशम्मा ओरडली. दाक्षायणीनं हात सैल केले. रुद्राणीनं पोटभर श्वास घेतला आणि मग जो टाहो फोडला तो किल्ल्याच्या बुरजापर्यंत गेला असेल.

दाक्षायणी तिच्याकडं बघतच राहिली. त्या एवढ्याशा छातीकडं, जी श्वासाबरोबर दुप्पट झाली होती.

"अव्वा," ती म्हणाली, "माझं चुकलं. मी माप उभ्या माणसाचं घेतलं. पळत्या माणसाचं न्हाय."

हाफटाइमची शिट्टी झाली तशी पाचही जण दमणीकडं आले. मडिवाळप्पा चाकाला टेकून खालीच बसला.

"काय रे, पट्टा काचतोय?" काशम्मानं विचारलं.

"पट्टा झकास हाय, अव्वा. वैनीनं शिवलेला. फकस्त दम घ्यायला जागा न्हाय."

"मग सैल का न्हाय केला?"

"सैल केला अन् घसरला तर?" तो म्हणाला. "हारू, पण मातीला लावायचं न्हाय असं ठरवलंय आमी."

गुरुलिंग कोपरावरची धूळ झटकत उभा होता. त्याला सगळ्यात आधी कळलं असणार, दाक्षायणीच्या मनात आलं. पण तिच्या हातच्या कामाला नाव ठेवायचं त्याच्या जिवावर आलं असेल. तिला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. मास्तर धापा टाकत आले. "किती वेळ हाय?" काशम्मानं विचारलं. "थोडाच."

आवळलं तर दम कोंडतो, सैल सोडलं तर घसरतं. तिच्या खेड्यात बायका भांगलायला जाताना पोरं पाठीशी बांधतात. दिवसभर वाकतात, उठतात, ओझी उचलतात. पोर पडत नाही, आणि बाईचा श्वासही अडत नाही. का? कारण छाती आवळलेली नसते. भार खांद्यावर असतो.

"अव्वा, वाका."

"काय?"

"वाका की. पाठ करा इकडं."

काशम्मा, जिच्यापुढं सगळी मंगळवार पेठ वाकायची, ती दमणीच्या दांडीला धरून वाकली. कशी काय, ते तिलाही मागाहून सांगता आलं नाही. दाक्षायणीनं रुद्राणीला तिच्या पाठीवर ठेवलं. मडिवाळप्पाचा डोक्याचा रुमाल दमणीत पडला होता, चांगला लांबलचक. तो तिनं पोरीच्या बुडाखालून घेतला, दोन्ही टोकं सासूच्या खांद्यांवरून पुढं आणली, छातीवर फुली केली, काखेखालून मागं नेली आणि कमरेला गाठ मारली.

"असं," ती म्हणाली. तिनं पदर पुढं ओढला होता, पण आवाज खणखणीत होता. "पट्टा ढिला करा. रुमाल खांद्यावरनं घ्या. फुली खिशावर आली पायजे. गाठ कमरेला. मोठा श्वास घ्या अन् मग गाठ मारा. आधी न्हाय."

"उभी राहू का?" काशम्मानं विचारलं.

"व्हा. हलून बघा."

काशम्मा उभी राहिली. हलली. उडी मारली म्हणायला हरकत नाही. रुद्राणी हसायला लागली.

"हलत न्हाय," काशम्मानं निकाल दिला. "पळा, जावा दमणीमागं."

पाचही जण आपापले रुमाल घेऊन दमणीमागं पळाले. मडिवाळप्पाचा रुमाल आता पुतणीच्या बुडाखाली होता, म्हणून मास्तरांनी कडुलिंबाला अडकवलेलं स्वतःचं उपरणं त्याच्याकडं फेकलं. "मास्तर, सोवळ्याचं हाय की हे," तो म्हणाला. "बांध रे मुकाट्यानं," मास्तर म्हणाले.

दुसरा हाफ सुरू झाला आणि पहिल्याच धावेत फरक दिसला. मडिवाळप्पानं एक श्वास घेतला, असा की सदऱ्याचं वरचं बटण उडालं, आणि चेंडूला अशी लाथ घातली की तो पार पलीकडच्या टोकाला. भिंतीवर एकदम शांतता. मग पेठेच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "आली रं वैरण."

बरोबरी झाली ती गर्दीत; कुणाच्या पायानं गोल झाला हे आजही त्या अकरांत ठरलेलं नाही. दुसऱ्या गोलाचा मात्र वाद नाही. मास्तर कधी डोक्यानं खेळत नसत, कारण कातड्याचा चेंडू डोक्याला लागला की घरी गेल्या गेल्या डोक्यावरून अंघोळ, आणि माघाच्या गारठ्यात ते नको वाटे. पण त्या वेळी चेंडू वरून आला, चष्म्यावर धूळ होती, आणि मास्तरांना तो दिसलाच नाही. तो त्यांच्या टाळूवर आपटला आणि तिथून गोलात. मास्तर इकडंतिकडं बघत विचारत होते, "कुणी मारला? कुणी?"

आता थोडाच वेळ उरला होता. लायनीवाले सगळेच्या सगळे गुरुलिंगाच्या अंगावर चालून आले. दाक्षायणीला चेंडू दिसेनासा झाला, कारण ती चेंडू बघतच नव्हती. ती गुरुलिंगाची छाती बघत होती. त्याच्या घामानं भिजलेल्या सदऱ्यातून रुमालाची फुली दिसत होती, आणि ती फुली जागेवर होती. तो उजवीकडं सरकला, फुली जागेवर. वर उडी मारली, जागेवर. मग तो लांब्या धावत आला आणि गुरुलिंगानं त्याच्या पायांत, छाती खाली करून, सरळ जमिनीवर अंग टाकलं. त्याच्यावर लांब्या पडला. लांब्यावर मडिवाळप्पा. मडिवाळप्पावर आणखी कोण कोण. धुळीचा लोट उठला.

दाक्षायणीचे पाय आपोआप दमणीतून खाली उतरले. ती दोन पावलं मैदानात गेली होती. तिला कुणी थांबवलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं. शिट्टी वाजली, लांब, एकसारखी. लोक ओरडत होते. एकेक माणूस ढिगावरून उठला. मडिवाळप्पा उठला, फुलीवर हात. लांब्या उठला. आणि सगळ्यांच्या खाली गुरुलिंग, अंगाचं मुटकुळं केलेला.

तो गुडघ्यावर बसला. त्याचा हात पहिल्यांदा सदऱ्यात गेला. चाचपला. थांबला. मग त्यानं मान वर करून थेट कडुलिंबाकडं पाहिलं आणि हलकेच मान डोलावली.

दाक्षायणी तिथंच धुळीत बसली.

"चेंडू कुटं गेला?" तिनं विचारलं.

"त्याच्या पोटाखाली की," काशम्मा पाठीवर नात घेऊन तिच्यामागं येऊन उभी राहिली होती. तिचा आवाज बसला होता. "मी कवापासनं सांगतेय, खाली पड, खाली पड. ऐकलं त्यानं एकदाचं. तू बघितलं न्हाईस?"

"न्हाय."

"मग एवढ्या लांब कशाला आलीस?"

पेठेच्या पोरांनी गुरुलिंगाला खांद्यावर घेतलं होतं, मास्तरांना घेतलं होतं; मडिवाळप्पाला उचलायचा प्रयत्न करून सोडून दिलं होतं. गुरुलिंग मधेच खाली उतरला आणि दमणीकडं आला. धुळीनं तोंड पांढरं, कोपर सोललेलं. चार माणसांत, आईसमोर, बायकोशी बोलायची रीत नव्हती. तो आईच्या पाठीमागं गेला आणि रुद्राणीचा पाय हातात घेतला.

"रुद्राणी," तो म्हणाला, "तुझ्या आईला सांग, सुटलं न्हाय. एवढी माणसं अंगावर होती, तरी जागचं हललं न्हाय. आन दम बी पुरला."

दाक्षायणीनं पदर सावरला आणि तीही पोरीच्या दुसऱ्या पायाशी गेली.

"अप्पाला म्हण," ती म्हणाली, "पुढल्या खेपेला माप घेताना श्वास रोखून उभं ऱ्हायचं न्हाय. म्हणावं, मला कसं कळावं छाती केवढी हाय ते."

गुरुलिंग हसला. असा भर मैदानात तो हसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. घरातसुद्धा फार नाही.

"तुमचं सांगून झालं असंल," काशम्मा म्हणाली, "तर कुणीतरी हिला माझ्या पाठीवरनं सोडा. न्हायतर ऱ्हाऊ दे. ती ढाल देत्यात तिकडं. चला, आदी ती खरंच चांदीची हाय का बघू."